लाल सुतापर्यंत पाणी

मे महिन्यातल्या नागपुरात उघडं ठेवलेलं पाणी आटत नाही, असं कोणी म्हणालं तर लोक आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहतील आणि मग कांदा फोडून नाकाशी धरतील. नत्थूजी हेडाऊ म्हणूनच हे कोणाला सांगत नव्हते.

पाणी होतं त्यांच्या मुलीच्या, ऋतुजाच्या खोलीत. तीन फूट लांब काचेची टाकी, दीडशे लिटर खारं पाणी, त्यात दोन मासे, चार-सहा गोगलगायी आणि बाकी सगळी पोवळी. टाकीवर दोन लहान पंखे सतत फिरत, म्हणून बाहेर पंचेचाळीस असलं तरी आतलं पाणी सत्तावीसच्या वर जात नसे. पण पंखा पाणी गार करतो ते पाणी पिऊनच. रोज एक बोट कमी व्हायचं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून तेवढंच गोडं पाणी रोज परत टाकायचं, नाहीतर खारटपणा चढतो आणि पोवळी आक्रसतात. कुठपर्यंत टाकायचं ते कळावं म्हणून ऋतुजाने काचेवर आडवं लाल सूत चिकटवलं होतं. आजोबांच्या मागावर उरलेलं शेवटचं सूत.

गेले सहा महिने नत्थूजींचा नेम ठरलेला होता. हिंगण्याच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने संध्याकाळी यायचं, हातपाय धुवायचे, निळ्या कॅनमधलं फिल्टरचं पाणी सुतापर्यंत भरायचं, मगच चहा. अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाली आणि दुसऱ्या दिवशी ते कॅन घेऊन खोलीत गेले, तर पाणी सुताला टेकलेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. खोलीची कडी बाहेरून, सकाळी त्यांनी लावली होती तशीच. घरात दुसरं माणूस एकच, त्यांची बायको चंद्रकला. आणि ती तर ऑक्टोबरपासून त्या दारावरून जाताना भिंतीकडे तोंड करायची.

चौथ्या दिवशी त्यांनी कॅन खाली ठेवला, टाकीसमोर बसले आणि हळूच विचारलं, "तूच भरून राहिली का वं?"

पंखे फिरत राहिले. नत्थूजींना भीती वाटत होती, आणि उठावंसंही वाटत नव्हतं.

त्यांना ओळखणाऱ्यांनी हे पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता. नत्थूजी म्हणजे भांडणारा माणूस. तांडापेठेतल्या कोष्ट्याच्या घरातला. बाराव्या वर्षी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले आणि बाविसाव्या वर्षी वडिलांनी तोच माग सरपणाच्या भावात विकलेला पाहिला. मग हिंगण्याचा कारखाना. दोनदा निलंबित झाले, दोनदा मानाने परत घेतले गेले. साहेबाने केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली नाही, तर हे त्याच्याच टेबलावर डबा उघडून उभ्याने जेवायला लागायचे. हुडकेश्वरच्या लेआउटमध्ये घर बांधलं तेव्हा रस्ता फक्त नकाशात होता. तो जमिनीवर आणायला त्यांनी नऊ वर्षं अर्ज केले आणि एकदा स्वतःच ट्रकभर मुरूम टाकून अधिकाऱ्याला फीत कापायला बोलावलं. अंगात येणारे, धागे-दोरे बांधणारे कोणी गल्लीत दिसले तर हा माणूस चप्पल घालूनच बाहेर यायचा, म्हणजे काढायला सोपी.

आणि तो आता रिकाम्या खोलीत पाण्याशी बोलत होता.

टाकी ऋतुजाची. एका पॅथॉलॉजीत लोकांचं रक्त तपासायची आणि घरी आली की टाकीचं पाणी. नागपुरातून कोणत्याही दिशेने निघा, समुद्र गाठायला अख्खी रात्र रेल्वेत जाते, आणि तिने तो कधी पाहिलाही नव्हता. तरी मोबाइलवर वाचून वाचून तिने तो घरात मांडला. हाडाची, म्हणजे दगडी सांगाड्याची पोवळी घरात ठेवणं कायद्यात बसत नाही. दुकानदार पिशवीत घालून द्यायला तयार असायचे, पण ती म्हणायची, "समुद्राचं घर तोडून माहं घर सजवू का मी?" तिने मऊ पोवळीच ठेवली. हाताच्या पंजासारखं, चामड्याचं म्हणतात ते एक पोवळं, खडकाला बिलगलेली मशरूम नावाची पोवळी, आणि बटणांएवढ्या तोंडांची एक वसाहत, हिरव्या तोंडाभोवती नारिंगी दातेरी कडा. ती पाहून नत्थूजी पहिल्यांदा टाकीजवळ वाकले होते.

"हे त करवतकाठी होय," ते म्हणाले होते. त्यांच्या वडिलांच्या हाताची साडी, करवतीच्या दातांसारखी किनार. तेव्हापासून त्या वसाहतीचं नाव करवतकाठी पडलं.

ऑक्टोबरात ऋतुजाला डेंग्यू झाला. चार दिवस हॉस्पिटलात. सव्वीस वर्षांची होती. चौथ्या दिवशी सकाळी ती "पाणी" म्हणाली, आणि त्यानंतर काही म्हणाली नाही. नर्सने तोंडाने काही द्यायचं नाही असं बजावलेलं होतं, म्हणून जवळ बसलेल्या चंद्रकलाने पाणी दिलं नाही. नत्थूजी तेव्हा खाली होते. वर आले तेव्हा बायको एवढंच बोलली, "पाणी म्हणे." त्यावर दोघांमध्ये पुन्हा एक अक्षर निघालं नाही. नत्थूजींनी मनाशी ठरवून टाकलं की पोरीला टाकीची आठवण झाली. टाकीत पाणी टाका, असंच तिला म्हणायचं असणार. ते ठरवलं म्हणून त्यांना त्या रात्री घरी येऊन टाकी भरता आली, आणि पुढच्या सगळ्या रात्री.

नोव्हेंबरात चंद्रकला एकदा खोलीत गेली आणि साबणाच्या फडक्याने काच पुसायला लागली. नत्थूजी असे ओरडले की शेजारची भांडी थांबली. "या टाकीले कोणी हात नाही लावायचा. समजलं?" ती फडकं घेऊन निघून गेली. तेव्हापासून तिने त्या दाराकडे पाहणं सोडलं, असं त्यांना वाटत होतं.

मे उजाडला तशी पोवळी खंगायला लागली. आधी करवतकाठी मिटली. चामड्याच्या पोवळ्याचा पंजा लुळा पडला आणि त्यावर मेणासारखी साय धरली. मशरूमचा जांभळा रंग दिवसागणिक उतरत गेला, शेवटी पांढुरक्या सालींसारखी ती खडकाला चिकटून राहिली. मग गोगलगायी एकेक करून वाळूवर पडल्या त्या उठल्याच नाहीत. मासे मात्र मजेत होते.

रंग उतरलेलं सूत नत्थूजींनी मागावर दहा वर्षं हाताळलेलं. सूत अशक्त असलं की कोष्टी त्याला खळ पाजतो. तांदळाच्या कांजीची खळ प्यायली की तेच सूत ताठ होतं, मागावर ओढ सोसतं. नत्थूजींनी तेच केलं. पोवळ्यांचं खाणं दुप्पट केलं, मग चौपट, आणि दिवा दोन तास जास्त ठेवला. आठवड्यात पाणी गढूळ झालं आणि खडकांवर तपकिरी शेवाळ चढलं.

मानेवाडा रस्त्यावर धम्मानंदचं माशांचं दुकान आहे. ऋतुजाचा मित्र, तिच्याकडूनच शिकलेला. तो आला, टाकीत नाक घालून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"काका, खाऊ घालून मारून राहिले तुम्ही यांले."

"अशक्त झाले त खाऊ नाही घालायचं?"

"आयसीयूतल्या पेशंटले पंगतीत बसवता का गा तुम्ही? वरून एवढा उजेड. उजेडात त्याले काम पडते. बिमार माणसाले सुट्टी द्यायची सोडून ओव्हरटाइम लावला तुम्ही. अन् युनियनवाले म्हणता स्वतःले."

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर दाराबाहेर गेला असता. नत्थूजींनी मान खाली घातली. धम्मानंदने दिवा निम्म्यावर आणला, खाणं बंद केलं, दर दोन दिवसांनी थोडं थोडं पाणी बदलायला सांगितलं. "एकदम काही नाही करायचं. सारं एकसारखं ठेवा. पोवळं स्वतः सुधरते, आपण फक्त त्याच्या आड नाही यायचं." आणि मग जाता जाता विचारलं, "वरून रोज किती पाणी टाकता?"

नत्थूजींच्या जिभेवर आलं होतं. टाकत नाही, कोणीतरी टाकते. पण हा पोरगा हसला तर? किंवा हसला नाही तर? "सहा लिटर," ते म्हणाले. "कॅनमधलं."

त्या एका खोट्याने तीन आठवडे खाल्ले.

दिवा कमी केला, पाणी बदललं, पाणी पुन्हा आरशासारखं झालं, तरी पोवळी उघडेनात. नत्थूजी आता संध्याकाळी बसमधून उतरले की त्यांचे पाय जड व्हायचे. कडी काढायची आणि आधी सुताकडे पाहायचं. पाणी सुताला. रोज सुताला. दारात ते आता रोज सकाळी रांगोळीची पूड भुरभुरवून ठेवायचे आणि संध्याकाळी ती जागच्या जागी पाहून त्यांच्या अंगावर काटा यायचा. ही पूड कोणी पुन्हा भुरभुरवू शकतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. लेक रोज येते, आपल्या हाताने पाणी भरते, आणि तिच्या डोळ्यांदेखत तिचीच पोवळी मरतात. मग ती येते कशाला? माझ्यावर रागावून? तेव्हा मी वर नव्हतो म्हणून?

करवतकाठी गेली की तीही यायची थांबेल, असं त्यांना वाटायला लागलं होतं. घरात तिचं जिवंत असं एवढंच उरलं होतं.

धम्मानंद पुन्हा आला तो एक पांढरा पॅड घेऊन, स्पंजासारखा. "मासे ठीक, गोगलगायी मेल्या, पोवळी मिटली. काका, घरात तांब्याचं काही पडलं का पाण्यात? नाणं, तार, काही?"

"मी कोष्टी आहे, तांबट नाही."

"रागावू नका. हा पॅड ठेवा पाण्याच्या धारेत. पाण्यातलं विष ओढते हा, अन् जे ओढलं त्याचा रंग घेते. नुसता मळला त तपकिरी. बाकी दुसरा रंग आला त मले फोन करा."

तीन दिवसांनी, शुक्रवारी संध्याकाळी, नत्थूजींनी पॅड बाहेर काढला. फोन करायची गरज पडली नाही. तो निळसर हिरवा रंग त्यांनी ओळखला. तांडापेठेत सासऱ्यांची रंगाची भट्टी होती, आणि भट्टीमागच्या कोनाड्यात, मुलांचा हात पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर, मोरचुदाची बरणी. मोरचूद म्हणजे तांबं. त्यांनी पॅड तारेवर वाळत टाकला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

ओट्याच्या कोपऱ्यात तांब्याचा गुंड होता. चाळीस वर्षांचा, चंद्रकलाच्या माहेरचा. ती रोज तो चिंच-मिठाने घासायची आणि प्यायचं पाणी त्यात भरून ठेवायची. शेजारी पाणी काढायचा तांब्याचा गडवा पालथा.

चंद्रकला पोळ्या लाटत होती. नत्थूजी दारातूनच परत फिरले. रागाने माणूस बोलतो. त्यांना राग येत नव्हता. त्यांना फक्त एवढं कळत होतं की घरात कोणी येत नव्हतं.

शनिवारी अर्धी रजा टाकून ते साडेअकराला परतले. दुपारी बाराचं नागपूर रस्त्यावर कुत्रंही ठेवत नाही. सगळ्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे, कूलरची घरघर, आणि डांबर असं चमकत होतं की त्यावर पाणी साचलंय असं वाटावं. ही वेळ बरी नसते, त्यांची आई म्हणायची, बारा वाजता पोरांना पिंपळाखाली जाऊ देत नसे. नत्थूजी आईला हसायचे. आज ते आपल्याच घराच्या मागच्या दाराने चपला हातात घेऊन आत आले.

ऋतुजाच्या खोलीचं दार उघडं होतं.

चंद्रकला पाठमोरी होती. डोक्यावर पदर. गुंड जमिनीवर, हातात गडवा. तिने गडवा बुडवला, दोन्ही हातांनी धरला आणि काचेच्या कडेवरून हळूहळू धार सोडली, आजारी माणसाच्या तोंडात सोडतात तशी.

"पी वं माय," ती म्हणाली. "पी. आता कोणी नाही म्हणत नाही."

पाण्यावर पाणी पडल्याचा तेवढाच आवाज. मग दुसरा गडवा. तिसरा. मिटलेल्या करवतकाठीवर बुडबुडे उतरले आणि विरले. पाणी लाल सुताला लागलं तसा तिने गडवा खाली ठेवला, कंबरेची पुडी सोडली आणि उंबऱ्यावर रांगोळीची पूड भुरभुरायला वळली. समोर नवरा.

तिने पुडी पुन्हा कंबरेला खोचली.

"अखजीले पहिल्यांदा दिलं," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "गेलेल्याले पाणी द्याच लागते त्या दिवशी. मंग दुसऱ्या दिवशी वाटलं, आज तहान नसन का लागली? ओरडायचं असन त ओरडा."

नत्थूजींच्या हातातल्या चपला हातातच होत्या. ओरडून सांगण्यासारखं होतं ते सगळं खरं होतं: तुझ्या पाण्याने मरून राहिली ती. तू मारलं. एका वाक्याचं काम. ते वाक्य त्यांच्या घशात पूर्ण तयार होऊन आलं, आणि त्यांनी गिळलं.

"ओरडत नाही," ते म्हणाले. "पाणी दे. फक्त गुंडातलं नको. कॅनमधलं दे."

"प्लास्टिकातलं? पोरीले प्लास्टिकातलं पाणी पाजू?"

"काचेच्या बरणीत घे मंग. लोणच्याची मोठी बरणी आहे ना."

"काहून?"

"उन्हाळ्यात तांबं..." त्यांना खोटं सुचेना. ते एक 'सहा लिटर' सोडलं तर जन्मभर कधी लागलंच नव्हतं. "नळालेच काही तरी येऊन राहिलं, धम्मानंद म्हणे. पाणी खराब आहे."

चंद्रकलाची नजर त्यांच्या खांद्यावरून मागच्या अंगणात गेली, जिथे तारेवर पॅड वाळत होता. रंगाऱ्याची लेक. भट्टीमागचा कोनाडा तिने त्यांच्याआधी पाहिला होता. ती चालत गेली, पॅड चिमटीत धरला, बोटावर चोळला, उन्हात बोट धरून पाहिलं. उन्हात ती कितीतरी वेळ अनवाणी उभी होती. फरशी तापून लाल झाली असेल.

परत येऊन तिने गुंड उचलला, मोरीत रिकामा केला आणि कोपऱ्यात पालथा घातला. मग स्टुलावर चढून फळीवरची लोणच्याची बरणी काढली आणि ती घासायला बसली. खूप वेळ घासत होती. मध्येच थांबून, मान वर न करता तिने विचारलं, "ते पाणी म्हणे तवा... तिले काय म्हणायचं असन? स्वतःसाठी का यांच्यासाठी?"

सात महिन्यांत पहिल्यांदा. नत्थूजी मोरीच्या कट्ट्यावर टेकले. टाकीसाठीच, असं म्हणता आलं असतं. तेच तर ते स्वतःला रोज सांगत आले होते.

"मले नाही माहीत," ते म्हणाले. "मी होतो कुठं तिथं. खाली गेटवर त्या गार्डसंग भांडत होतो मी. गाडी काढ म्हणे तो. माह्या पोरीचे शेवटचे दोन मिनिटं मी स्कूटरच्या जागेसाठी दिले."

चंद्रकलाने बरणी खाली ठेवली.

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "आवाज वरपर्यंत येत होता तुमचा. तिनंही ऐकला. हासली ते. 'बाबा भांडून राहिले' म्हणे. अन् मंग पाणी म्हणे."

नत्थूजींनी तोंड फिरवून भिंतीकडे केलं.

धम्मानंदने कोळशाच्या पिशव्या आणि आणखी पॅड दिले. पहिला निळा झाला, दुसरा त्याहून फिका, तिसरा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघाला तो नुसता मळकट. धम्मानंदला खरं कारण नत्थूजींनी एकट्याने दुकानात जाऊन सांगितलं, आणि वर बजावलं, "हे तुह्या काकूसमोर काढशील त तुही बी टाकी फोडीन." धम्मानंद म्हणाला, "काका, मी काय ऐकलंच नाही." काही मशरूम गेलीच. चामड्याच्या पोवळ्याने साय टाकली, मग आणखी एकदा टाकली. करवतकाठीची अर्धी तोंडं काळी पडून गळून गेली. उरलेली मिटूनच होती, पण घट्ट, जिवंत असल्यासारखी. धम्मानंद म्हणायचा, बोट लावू नका, मोजू नका, बघत बसू नका. नत्थूजी बघत बसायचे.

एका रविवारी दुपारी बाराला चंद्रकला बरणी घेऊन खोलीत गेली आणि तिने आतूनच हाक मारली, "या जरा."

खडकाच्या सावलीच्या बाजूला एक तोंड उघडलं होतं. एकच. हिरवा ठिपका आणि भोवती नारिंगी कड, करवतीचे दात अजून बोथट, पण होते.

नत्थूजी वाकले. कूलर बंद होता, वीज गेलेली, टाकीचे पंखे इन्व्हर्टरवर फिरत होते. पाणी सुताच्या बोटभर खाली.

"तुमी टाका आज," चंद्रकला म्हणाली आणि बरणी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी बरणी तिरपी केली. तिच्यासारखी बारीक धार त्यांना जमेना, पाणी भसकन पडलं आणि ते एक तोंड दचकून मिटलं. नत्थूजींचा हात थांबला. दोघंही वाट पाहत उभे राहिले, घरात कोणी झोपलेलं असावं तसे. बऱ्याच वेळाने ते पुन्हा उघडलं.

"पी वं," नत्थूजी म्हणाले, आणि उरलेलं पाणी सुतापर्यंत हळूहळू सोडलं.